चावी बंद होती

ही ऐकीव गोष्ट नाही. यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही रात्री नाही. बोईसरच्या एमआयडीसीत, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. बोईसरला एका लॅबमध्ये प्रेशर गेज आणि तापमापक तपासायचं काम करते. एखादा आकडा विचित्र आला की मी आधी उपकरणाला दोष देते, मग स्वतःला. तिसऱ्या कुणाला दोष द्यायची वेळ आजवर आली नव्हती.

ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. सध्या मला इतका राग आहे की कुणाच्या हसण्याचं काही वाटणार नाही.

एकनाथ माझा मामा. मुरब्याचा. सातपाटी-मुरब्याची मासळी बर्फात भरून मुंबईला न्यायचा. ट्रक शेठचा, मामा ड्रायव्हर. पालघर सोडलं की वाघोबा खिंडीचा चढ, मग मनोरकडे उतार, मग हायवे. आयुष्यभर हाच रस्ता.

खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. आमच्याकडची गाडी तिथे हॉर्न दिल्याशिवाय पुढे जात नाही. मामाचं हॉर्नवर भागत नसे. तो गाडी कडेला घ्यायचा. इंजिन चालूच ठेवायचा. खाली उतरून हात जोडायचा आणि मग गाडीभोवती एक फेरी मारायचा. प्रत्येक टायरवर तळहाताची थाप. वाकून इंजिनाकडे नजर. तेल पाझरतंय का, धूर निळा आहे का.

मगच उतार.

मी लहान असताना विचारलं होतं, "मामा, देवासाठी थांबतोस की गाडीसाठी?"

"अगो, देवच सांगते, माझ्याकडे काय बघतंस, गाडी बघ."

शेठचं नाव दिग्विजय. आठ-दहा ट्रक. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात खूळ शिरलं की आपल्या गाड्या सगळ्यांच्या पुढे पळाल्या पाहिजेत. त्यानं हितेश नावाच्या एकाला बोलावलं. हितेश लॅपटॉप घेऊन फिरतो आणि इंजिनं 'मॅप' करून देतो.

म्हणजे काय, ते सांगते. ट्रकच्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती दाबायची, हे तो आतल्या आकड्यांच्या तक्त्यावरून, म्हणजे मॅपवरून, ठरवतो. इंजिन तापलं किंवा तेलाचा दाब पडला तर तोच ताकद कमी करतो. गाडी रांगायला लागते. ड्रायव्हर म्हणतात, गाडी लंगडी झाली. लंगडी होते म्हणून इंजिन वाचतं. ड्रायव्हरही.

हितेशनं डिझेल वाढवलं. हवा वाढवली. टर्बो ज्या वेगासाठी बनवलाच नव्हता त्या वेगानं फिरायला लागला. आणि लंगडणं काढून टाकलं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवासुद्धा बंद केला, ड्रायव्हरला उगाच टेन्शन नको म्हणून.

"पिकअप बघा शेठ," तो म्हणाला होता. "घाटात एसटीला मागे टाकते."

वर शेठनं जीपीएस बसवला. गाडी कुठे थांबली की याचा फोन. खिंडीत थांबली की हमखास फोन.

मामानं सांगून पाहिलं. धूर काळा येतोय, टर्बोची शिट्टी बदललीय, वर पाच मिनिटं बघू दे. शेठ म्हणाला, "एकनाथ, तू ड्रायव्हर आहेस की डॉक्टर?"

त्यानंतर मामा खिंडीत नुसता हॉर्न द्यायला लागला.

आणि एका सकाळी, भरलेली गाडी घेऊन उतरताना, टर्बोचं सील गेलं.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना कळावं म्हणून लिहिते. सील गेलं की इंजिनाचंच तेल हवेच्या पाइपात शिरतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, जळेल ते त्याला चालतं. चावी बंद केली की डिझेल थांबतं. तेल थांबत नाही. इंजिन स्वतःचंच तेल पीत सुटतं, जास्त जास्त जोरात. मग एकच उपाय उरतो. त्याची हवा कोंडायची. चालत्या गाडीत, उतारावर, एकट्या माणसाला ते शक्य नाही.

समोरच्या वळणावर शाळेची पोरं टमटममधून येत होती. मामानं ट्रक डोंगरात घातला.

तो वर थांबला असता तर पाइपावर ओघळलेलं तेल त्याला दिसलं असतं. मला याची पूर्ण खात्री आहे.

पोलिसांसमोर शेठ म्हणाला, ड्रायव्हरला डुलकी लागली. सकाळी दहाला. मी विचारलं, मग चावी बंद कशी? चावी बंद होती, गाडी ओढून काढणाऱ्या माणसांनी पाहिलं होतं. डुलकी लागलेला माणूस चावी बंद करतो?

शेठनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "झोपेत हात लागला असेल."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

ट्रक दुरुस्त झाला. नवा टर्बो, नवी केबिन, इंजिन पूर्ण उघडून बांधलं. कॉम्प्युटर मात्र तोच, मॅपही तोच. आणि मामाच्या मुलाला, दर्पणला, शेठनं त्याच गाडीवर ठेवलं. बापाची जागा पोराला दिली. गावात लोक म्हणाले, शेठ मनाचा मोठा.

मी दर्पणशी भांडले. तो ऐकेना. मुरब्यात बोटीवर जायला त्याला दर्या लागतो, उलट्या होतात. ड्रायव्हिंगशिवाय त्याला दुसरं काही येत नाही.

मग एक दिवस त्याचा फोन आला.

"ताई, गाडी खिंडीत लंगडी होते."

मला बरंच वाटलं. "मग चांगलं आहे की. शेठनं मॅप काढला असेल."

"नाय काढला. मी हितेशला विचारला. आनि ती दुसरीकडे कुठंच लंगडी होत नाय. फकस्त वाघोबाजवळ. आपली आपन कडेला जाते, ताई… मी वळवीत नाय."

मी म्हणाले, स्टिअरिंग तपासून घे, ब्रेकची हवा तपासून घे. जे कुणीही म्हणेल ते.

त्या आठवड्यात शेठनं त्याला ऑफिसात बोलावून झापलं. गाडी थांबली म्हणून मी फोन करतो आणि तू मला उलट बोलतोस?

"काय बोललो मी?"

"'बघून घेतो शेठ, तुमी जेवून घ्या.' मला शिकवतो? आणि आवाज कशाला बदलतोस? बापाची नक्कल करतोस काय?"

दर्पणनं हे संध्याकाळी घरी सांगितलं.

शेठनं तो फोन केला त्या दिवशी दर्पणचा मोबाइल घरीच राहिला होता, मुरब्याला. मंजुळा मामी बोंबील वाळत घालत होती आणि मोबाइल तिच्या कमरेला होता.

"वाजलाच नाय गो," मामी मला म्हणाली. "दिवसभर वाजला नाय." मग माझं मनगट धरलं. "रुचे, तू शिकलेली हायस. माझ्या पोराला त्या गाडीतनं उतरव. नवरा दिला मी त्यांना. पोरगा नाय देनार."

मी रजा टाकली. लॅबमधला एक मित्र गाड्यांचे स्कॅनर वापरतो, त्याच्याकडून इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारा स्कॅनर आणला. मला पुरावा हवा होता. हितेशनं काय काय बंद केलंय, ते आकड्यांत. तो घेऊन मी कुणाच्याही दारात बसले असते.

सातपाटीहून निघालो. मागे मासळीचे क्रेट खडखडत होते. स्कॅनर नीट चालत होता. पालघर गेलं. चढ लागला. दर्पण गाणं गुणगुणत होता, मला चिडवत होता, "ताई, इंजिनाला बीपीचं मशीन लावलंस तू."

चढ संपत आला आणि…

आवाज गेला.

इंजिन ऐकू येत होतं. बाकी सगळं गेलं. क्रेटची खडखड गेली, वारा गेला, मागच्या गाडीचा हॉर्न मध्येच तुटला.

दर्पणनं गुणगुणणं थांबवलं. पायाकडे बोट दाखवलं. त्यानं अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला होता. गाडी मात्र हळू होत होती. रांगत, अगदी सांभाळून, ती कडेला गेली. देवळासमोर उभी राहिली.

हँडब्रेकची हवा सुटली. स्स्स…

दर्पणचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मी स्कॅनरकडे बघत राहिले. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

आणि मग…

थप.

माझ्या दाराखाली. पुढच्या टायरवर.

आरशात पाहिलं. कुणीच नाही. रस्ता, झाडं, ऊन.

थप… मागे. थप… आणखी मागे.

थापा गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं पुढे येत होत्या. घाई नव्हती. दर्पणच्या दाराखाली शेवटची थाप पडली. मग काहीच नाही. वाकून बघायला माणसाला लागतो तेवढा वेळ.

केबिन एका बाजूला किंचित कलली. कुणी पायरीवर पाय ठेवला की कलते तशी.

दार उघडलं नाही.

दर्पण माझ्या बाजूला सरकला.

"का सरकलास?" मी विचारलं.

"कुठं सरकलो?" त्यानं खाली पाहिलं. सीटवर त्याच्या उजवीकडे एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी झाली होती.

ब्रेक सुटला. वारा परत आला, क्रेट खडखडले, मागचा हॉर्न तुटला होता तिथून पुढे वाजला. आम्ही उतार उतरायला लागलो. दर्पणचे हात स्टिअरिंगवर होते. पण प्रत्येक वळणावर स्टिअरिंग आधी फिरत होतं… त्याचे हात मागून जात होते.

उतार संपला तसा तो आपोआप मूळ जागी सरकला. मनोरला चहाच्या टपरीवर दर्पण रडला. दुःखानं नव्हे. "बाबा हायत," एवढंच म्हणत होता, आणि हसतही होता.

संध्याकाळी मी स्कॅनरच्या नोंदी काढल्या, आणि दर्पणच्या मोबाइलवरून जीपीएसच्या. जीपीएस सांगत होता, गाडी देवळासमोर थांबली होती. स्कॅनर सांगत होता, गाडी थांबलीच नाही. एका सेकंदासाठीही वेग शून्यावर आला नव्हता आणि इंजिन पूर्ण ताकदीनं चढ चढत होतं. दोन्ही उपकरणं मी पुन्हा तपासली. दोन्ही बरोबर होती.

हा पुरावा घेऊन मी कुणाच्या दारात बसणार होते?

शेठ तोवर तापला होता. रोज गाडी थांबते म्हणजे मॅपमध्येच गडबड आहे, असं त्यानं ठरवलं. हितेशला यार्डात बोलावलं. आणखी कडक मॅप टाक म्हणाला. दर्पणनं मला फोन केला. यार्ड माझ्या लॅबपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जेवणाच्या सुट्टीत मी गेले. हातात लॅबचा तापमापक तसाच होता, लांबून इंजिनाचं तापमान दाखवणारा.

हितेश ट्रकच्या दाराशी उभा राहून लॅपटॉपवर काम करत होता. शेठ स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, आतून रेस करून बघायला.

"नवा मॅप बसत नाही, शेठ," हितेश म्हणाला. "टाकला की पुसला जातो. कंपनीचा मूळ प्रोग्रॅमच परत येतोय."

"पुन्हा टाक."

"चार वेळा टाकला."

"मग पाचव्यांदा टाक. गाडी माझी आहे. माझं ऐकणार ती."

हितेशनं बटण दाबलं.

इंजिन सुरू झालं. कुणी चावी फिरवली नव्हती.

आधी साधं सुरू झालं. मग आवाज चढायला लागला… चढतच गेला. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. खिंडीतल्या लोकांनी मला त्याचं वर्णन करून सांगितलं होतं. ते म्हणाले होते, गाडी रडत आली.

शेठ आतून ओरडला, "बंद कर." हितेशनं लॅपटॉपची केबल उपटली. ट्रकची बॅटरी सोडवली. आवाज चढतच होता. मग धावत जाऊन त्यानं डिझेलचा पाइप सोडवला. डिझेल जमिनीवर सांडलं आणि इंजिन जोरात फिरत राहिलं.

त्यानं ओलं गोणपाट हवेच्या पाइपात कोंबलं. बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

हवा नाही. डिझेल नाही. बॅटरी नाही. इंजिन चालूच.

शेठला दार उघडेना. तो खांद्यानं धडका देत होता, काचेवर तळहात आपटत होता. मी काचेजवळ गेले. मला घाई नव्हती. मी हे लपवणार नाही, त्या क्षणी मला भीतीपेक्षा राग जास्त होता.

"शेठ," मी मोठ्यानं विचारलं, "चावी कशी आहे?"

"बंद आहे. बघ ना, बंद आहे. काढ मला इथनं."

"झोपेत हात लागला असेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. या वेळी पाहिलं. आणि मग त्याची नजर माझ्यावरून सरली, शेजारच्या रिकाम्या सीटवर गेली…

तो दाराला चिकटला. तिथे त्यानं काय पाहिलं ते त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही.

दर्पण पुढे आला. मला वाटलं, तो बघत राहील. त्याला तो हक्क होता. पण त्यानं पुढच्या टायरवर हात ठेवला आणि घरात बोलतात तसं बोलला.

"बाबा, खाली उतरू द्या त्याला. आपल्याला नको त्याचं पाप."

आवाज उतरला. एकदम नाही. इंजिन हळूहळू साध्या चालीवर आलं, तसंच शांत चालत राहिलं, आणि मग बंद झालं. दार आपलं आपण उघडलं. शेठ गुडघ्यांवर पडला.

मी तापमापक इंजिनावर धरला. इतका वेळ असं फिरलेलं इंजिन हात लावता येणार नाही इतकं तापायला हवं. आकडा आला एकोणीस अंश. बाहेर ऊन पस्तिसाच्या वर होतं. मी तापमापक स्वतःच्या मनगटावर धरून पाहिला. बरोबर दाखवत होता.

मग मी इंजिनाला हात लावला. बर्फातल्या मासळीसारखं गार होतं.

तुम्हाला वाटेल, शेठ बदलला. दुसऱ्याच दिवशी त्यानं सगळ्यांना सांगितलं, सील गेलं होतं, तेल शिरलं, असं होतं कधीकधी, चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. हे त्याच्याच तोंडून. मी म्हणाले, हेच मामाच्या बाबतीत पोलिसांना लिहून द्या. तो म्हणाला, "ते वेगळं होतं." हितेशचं काम थांबलेलं नाही. शेठच्या बाकीच्या सगळ्या गाड्या मॅप केलेल्याच आहेत. या एका गाडीला तेवढा तो हात लावत नाही आणि दर्पणला फोन करत नाही.

मी आरटीओत अर्ज केला. नोंद घेतली म्हणाले.

दर्पणला मी, मामीनं, दोघींनी विनवलं. आता तरी ती गाडी सोड. दुसऱ्या शेठकडे जा.

"सगळ्याच शेठलोकांच्या गाड्यांना हितेशनं हात लावलाय, ताई," तो म्हणाला. "त्यांच्यात माझं कोन बसलाय?"

मामी आता डब्यात दोघांपुरती भाकरी-सुकट देते. डबा रिकामा परत येतो. दर्पण म्हणतो, मी अर्धाच खातो.

गाडी रोज खिंडीत थांबत राहिली. मी मोबाइलवर बघते. दर्पणनं मला जीपीएसचा पासवर्ड दिलाय. देवळाजवळ ठिपका थांबला की मी कामाला लागते. मलाही त्याची सवय झाली. फिजिक्स शिकलेल्या बाईला असली सवय लागावी याची लाज वाटत नाही. इथे जिवंत माणसांनी जे करायला हवं होतं ते एक मेलेला माणूस करत होता.

परवा ठिपका थांबला नाही.

मी लगेच फोन केला नाही. जीपीएसची चूक असेल, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी दर्पणला विचारलं. तो हसला. "नाय थांबली. बाबांना पन एखादा दिवस सुट्टी हवी ना."

मामानं उभ्या आयुष्यात सुट्टी घेतली नव्हती.

काल ठिपका थांबला नाही. मी म्हणाले, मग तू स्वतः थांब. हातानं ब्रेक लाव, उतर, बघ. तो म्हणाला, लावला ताई, पायानं दाबला… पन गाडी थांबली नाय, खाली मनोरला मातर ब्रेक बरोबर लागला.

आज जाऊ नकोस म्हणून सांगायला मी सकाळी मुरब्याला पोचले. उशीर झाला होता. मामी दारात उभी होती. डबा घरातच राहिला होता.

आता मी तिच्या ओट्यावर बसून हे लिहितेय. पालघर मागे पडलं. ठिपका चढाला लागलाय. त्याचा फोन वाजतोय, तो उचलत नाही. गाडी चालवताना तो कधीच उचलत नाही, मला माहीत आहे.

मामी माझ्या खांद्यावरून मोबाइलकडे बघतेय. तिला नकाशा वाचता येत नाही. ती पुन्हा पुन्हा एवढंच विचारतेय, "थांबली का गो?"